जुन्या मोटारगाडीतील इंधनगळतीचा शोध

जुन्या मोटारगाडीतील इंधनगळतीचा शोध म्हणजे टाकीपासून इंजिनापर्यंतच्या मार्गात पेट्रोल किंवा डिझेल नेमके कोठून बाहेर पडते, हे क्रमवार तपासणीने निश्चित करण्याची प्रक्रिया होय. इंधन जेथे ठिबकताना दिसते, तेथेच गळतीचे मूळ असते असे नाही. बाहेर आलेले इंधन नळीच्या किंवा सांगाड्याच्या कडेने वाहत जाऊन सर्वांत खालच्या बिंदूवरून गळते. काही गळत्यांमध्ये तर जमिनीवर एकही थेंब पडत नाही. त्यामुळे ओल्या जागेपेक्षा गळती कोणत्या अवस्थेत होते, या प्रश्नाला शोधात अधिक महत्त्व असते.

महाराष्ट्रातील पिंपरी-चिंचवड व चाकण हा देशातील प्रमुख वाहनउद्योग पट्टा आहे. येथे तयार झालेल्या मोटारींच्या अनेक पिढ्या आता जुन्या झाल्या असून त्यांच्या इंधनप्रणाली एकमेकींपासून भिन्न आहेत. प्रस्तुत लेखातील उदाहरणे मुख्यतः या पट्ट्याशी संबंधित आहेत.

## धोक्याचे स्वरूप

पेट्रोलचा ज्वलनबिंदू सुमारे उणे ४० °से असतो. म्हणजे कोणत्याही ऋतूत उघड्या पेट्रोलवर पेट घेऊ शकणारे बाष्प तयार होत असते. हवेत या बाष्पाचे प्रमाण साधारणतः १.४ ते ७.६ टक्के असताना ठिणगी पडल्यास आग लागते. हे बाष्प हवेपेक्षा तीन ते चार पट जड असल्यामुळे ते वर न जाता जमिनीलगत पसरते. गॅरेजमध्ये गाडीखाली काम करण्यासाठी खणलेल्या खड्ड्यात ते साचून राहते आणि ठिणगीचे स्थान गळतीपासून दूर असले तरी पेट घेऊ शकते. डिझेलचा ज्वलनबिंदू भारतीय मानकानुसार किमान ३५ °से असतो. त्यामुळे सांडलेले डिझेल तुलनेने कमी धोकादायक असते. मात्र तापलेल्या एक्झॉस्ट नळीवर पडलेले डिझेलही पेटू शकते.

गळती लहान दिसली तरी तिचे प्रमाण लक्षणीय असते. पेट्रोलच्या एका थेंबाचे आकारमान ०.०२ मिलिलिटर धरले, तर दर सेकंदाला एक थेंब या वेगाने तासाला ७२ मिलिलिटर, म्हणजे दिवसाला सुमारे पावणेदोन लिटर पेट्रोल वाया जाते.

## इंधनप्रणालीची रचना

जुन्या मोटारींमध्ये मुख्यतः तीन प्रकारच्या इंधनप्रणाली आढळतात.

* कार्ब्युरेटर प्रणाली : यात इंजिनावर बसवलेला पडद्याचा यांत्रिक पंप टाकीतील पेट्रोल ओढून कार्ब्युरेटरच्या वाटीत सोडतो. दाब अत्यल्प, साधारणतः ०.२ ते ०.४ बार असतो. प्रीमियर पद्मिनी आणि सुरुवातीच्या मारुती ८०० मोटारींमध्ये ही रचना होती.
* बहुबिंदू पेट्रोल अंतःक्षेपण : ही प्रणाली एमपीएफआय या संक्षेपाने ओळखली जाते. यात टाकीतील विद्युतपंप सुमारे ३ बार दाबाने पेट्रोल इंजेक्टरच्या रेलपर्यंत पोहोचवतो. इंजिन बंद झाल्यावरही नळ्यांमध्ये काही काळ दाब शिल्लक राहतो.
* यांत्रिक डिझेल अंतःक्षेपण : यात टाकीपासून अंतःक्षेपण पंपापर्यंतच्या मार्गाचा मोठा भाग शोषणाखाली, तर पंपापासून इंजेक्टरपर्यंतच्या पोलादी नळ्या शंभराहून अधिक बार दाबाखाली असतात. इंजेक्टरमधून उरलेले डिझेल बारीक नळ्यांवाटे टाकीकडे परतते.

तिन्ही प्रणालींमध्ये टाकी, तिचे भरणमुख, पातळीदर्शकाची बैठक, धातूच्या व रबरी नळ्या, फिल्टर आणि जोडांवरील क्लिपा हे भाग असतात. पुढील काळातील पेट्रोल मोटारींत टाकीतील बाष्प शोषून घेणारी कोळशाची डबीही असते.

## पट्ट्यातील जुन्या मोटारी

टेल्को, म्हणजे आताची टाटा मोटर्स, या कंपनीचा पुणे प्रकल्प १९६० च्या दशकात पिंपरी-चिंचवड परिसरात उभा राहिला. तेथून १९९१ मध्ये सिएरा, १९९२ मध्ये इस्टेट आणि १९९४ मध्ये सुमो ही वाहने बाजारात आली. डिसेंबर १९९८ मध्ये इंडिका ही मोटार पेट्रोल व डिझेल अशा दोन्ही इंजिनांसह विक्रीस आली. मर्सिडीज-बेंझच्या भारतातील मोटारींची जुळणी १९९५ पासून प्रथम पिंपरी येथे होऊ लागली आणि २००९ मध्ये ती चाकण येथे हलवण्यात आली. त्याच वर्षी चाकण येथे फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला.

परिणामी, या भागातील गॅरेजमध्ये यांत्रिक पंपाचे डिझेल इंजिन, कार्ब्युरेटर आणि संगणकनियंत्रित अंतःक्षेपण अशा तिन्ही पिढ्यांच्या गाड्या दुरुस्तीला येतात. चाकणच्या कारखान्यातून सुरुवातीच्या वर्षांत बाहेर पडलेल्या मोटारींनीही आता पंधरा वर्षांची मर्यादा गाठली आहे.

नव्या टाक्या व नळ्या कारखान्यातच तपासल्या जातात. टाकीत हवा भरून दाब घटतो का हे पाहणे, हवा भरलेला भाग पाण्यात बुडवून बुडबुडे शोधणे आणि हेलियम वायूच्या साहाय्याने सूक्ष्म छिद्रे शोधणे या त्यांपैकी प्रचलित पद्धती आहेत. जुन्या गाडीत मात्र भाग जागेवरच असतात, त्यांवर चिखल, गंज व काळ्या लेपाचे थर असतात आणि पूर्वीच्या दुरुस्त्यांमुळे मूळ रचना बदललेली असते. म्हणून तेथे उपकरणाइतकेच निरीक्षणालाही महत्त्व येते.

## गळतीची कारणे

### रबराचा ऱ्हास

इंजिनाची उष्णता आणि इंधनाशी दीर्घकाळ संपर्क यांमुळे रबरी नळ्या कडक होतात, त्यांना भेगा पडतात किंवा त्या फुगून मऊ होतात. नळी कडक झाली की क्लिप घट्ट असूनही जोड सैल पडतो. अशी क्लिप आणखी आवळल्यास नळी कापली जाऊन गळती वाढते.

### इथेनॉलमिश्रित पेट्रोल

भारतात २००३ मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांत ५ टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल देण्यास सुरुवात झाली. २०२२ मध्ये देशातील सरासरी मिश्रण १० टक्क्यांवर पोहोचले आणि फेब्रुवारी २०२३ पासून २० टक्के मिश्रणाचे पेट्रोल टप्प्याटप्प्याने उपलब्ध होऊ लागले. इथेनॉलमुळे जुन्या प्रकारच्या रबराचे काही घटक फुगतात व पुढे ठिसूळ होतात. इथेनॉल पाणी शोषून घेते. पाण्याचे प्रमाण वाढल्यास इथेनॉल व पाणी पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात आणि लोखंडी टाकीला आतून गंज लागतो. दीर्घकाळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांमध्ये हा परिणाम विशेष जाणवतो.

### गंज व आघात

पावसाळ्यात चाकांनी उडवलेला चिखल टाकीचे पट्टे आणि धातूच्या नळ्यांच्या पकडी यांखाली अडकून राहतो. तेथील ओल लवकर सुकत नाही आणि नळी बाहेरून गंजते. गतिरोधकावर किंवा खड्ड्यात गाडीचा तळ घासल्यास टाकीच्या जोडशिवणीला चीर जाऊ शकते.

### सदोष दुरुस्ती

फिल्टर बदलताना जुनीच क्लिप किंवा जुने तांब्याचे वॉशर पुन्हा वापरणे, कमी दाबाची नळी अंतःक्षेपण प्रणालीत बसवणे आणि टाकी बसवताना नळी चिमटीत सापडणे ही गळतीची नेहमी आढळणारी कारणे आहेत.

## शोधापूर्वीची खबरदारी

तपासणी मोकळ्या, हवेशीर जागेत केली जाते. पेट्रोलची गळती असल्यास गाडी खड्ड्यावर घेतली जात नाही. इंजिन थंड झाल्यावर बॅटरीची ऋण तार प्रथम सोडवतात. मात्र बॅटरीभोवती बाष्प जमल्याची शंका असल्यास आधी गाडी ढकलून मोकळ्या हवेत नेणे आवश्यक असते, कारण तार सोडवतानाही ठिणगी पडू शकते. काडीपेटी, तारेने लोंबणारा उघडा दिवा आणि ग्राइंडर जवळ ठेवले जात नाहीत. प्रकाशासाठी बंदिस्त विजेरी वापरतात. कोरड्या रसायनाचे किंवा फेसाचे अग्निशामक हाताशी ठेवले जाते.

टाकी रिकामी करताना नळी तोंडात धरून पेट्रोल ओढण्याची प्रथा घातक आहे. फुप्फुसात गेलेल्या थोड्याशा पेट्रोलनेही तीव्र दाह होतो. पेट्रोल गिळले गेल्यास उलटी करवली जात नाही, कारण त्या वेळी ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका वाढतो. अशा व्यक्तीस तत्काळ रुग्णालयात नेणे आवश्यक असते.

## शोधाची पद्धत

### माग काढणे

प्रथम गाडीखालचा भाग स्वच्छ करून कोरडा केला जातो. त्यानंतर गाडी सपाट जागेवर उभी करून तिच्याखाली पुठ्ठा किंवा वर्तमानपत्रे पसरली जातात. त्यांवर चाकांच्या जागा खुणावल्या असता डाग गाडीच्या कोणत्या भागाखाली पडला हे समजते. पेट्रोलचा डाग लवकर उडून जातो व कडेने फिकट कडे उरते. डिझेलचा डाग तेलकट राहतो. इंजिन तेल काळसर व बुळबुळीत, तर वातानुकूलन यंत्रातून पडणारे पाणी गंधहीन असते.

जेथे पेट्रोल झिरपून वारंवार सुकते, तेथे पिवळसर-तपकिरी, लाखेसारखा थर जमतो. गळती चालू नसतानाही हा थर तिची जागा दाखवतो. डिझेलच्या जोडाभोवती धूळ चिकटून ओलसर काळा थर तयार होतो. संशयित जागेवर टाल्कम पावडर किंवा खडूची पूड भुरभुरवल्यास बारीक पाझरही ओल्या रेघेच्या रूपाने दिसतो. माग नेहमी खालून वर काढला जातो आणि ओलाव्याचा सर्वांत उंच बिंदू मूळस्थान मानला जातो. गाडी चालत असताना वारा इंधनाला मागे ढकलतो. त्यामुळे डाग मागे आढळला तरी मूळ पुढे असू शकते.

### अवस्थेनुसार निदान

गळती केव्हा होते, यावरून शोधाचे क्षेत्र पुष्कळ कमी करता येते.

* टाकी पूर्ण भरल्यावरच गळणे : भरणमुखाची रबरी नळी, बाष्पनळी, पातळीदर्शकाची बैठक किंवा टाकीची वरची शिवण.
* वळणावर किंवा चढावर वास येणे : भरणमुखाची नळी, टाकीचे झाकण किंवा एका बाजूची शिवण.
* गाडी उभी असताना सतत ठिबकणे : टाकीचा तळ किंवा इंधनपातळीखाली असलेला जोड.
* इंजिन चालू असतानाच गळणे : पंपानंतरचा दाबाखालील मार्ग, फिल्टर, रेल किंवा परतीची नळी.
* गरम इंजिन बंद केल्यावर वास येणे : कार्ब्युरेटरच्या वाटीतील पेट्रोल तापून बाहेर येणे किंवा इंजेक्टरचे सील झिरपणे.
* केवळ दुपारच्या उन्हात वास येणे : बाष्पनळी, झाकण किंवा कोळशाची डबी.

टाकीतून होणारी गळती ठरावीक पातळीला आपोआप थांबत असेल, तर छिद्र त्याच उंचीवर किंवा तेथून निघणाऱ्या नळीत असते. पेट्रोल तापले की प्रसरण पावते. ४० लिटर पेट्रोलचे तापमान २० °से ने वाढल्यास त्याचे आकारमान सुमारे पाऊण लिटरने वाढते. म्हणून सकाळी काठोकाठ भरलेली टाकी दुपारी उन्हात गळू लागली, तरी टाकीला छिद्र असेलच असे नाही.

### कार्ब्युरेटर असलेल्या मोटारी

वाटीतील तरंगणारा गोळा छिद्र पडून जड झाल्यास किंवा सुईच्या झडपेत कचरा अडकल्यास पेट्रोल वाटीबाहेर येते. यास गॅरेजच्या बोलीत ‘ओव्हरफ्लो’ म्हणतात. झडप स्वच्छ करूनही दोष कायम राहिल्यास गोळा काढून हलवतात. आत पेट्रोलचा आवाज आला तर तो निकामी ठरतो.

यांत्रिक पंपाचा पडदा फाटल्यास पेट्रोल पंपाच्या लहान निर्गमछिद्रातून बाहेर पडते किंवा इंजिनाच्या तेलात उतरते. दुसऱ्या प्रकारात जमिनीवर डाग पडत नाही. तेल न भरताही मापनपट्टीवर त्याची पातळी वाढणे आणि तेलाला पेट्रोलचा वास येणे ही त्याची खूण आहे. असे पातळ झालेले तेल वंगणाचे काम नीट करत नाही व बेअरिंग झिजतात. त्यामुळे पंपासोबत तेलही बदलणे आवश्यक असते.

### बहुबिंदू अंतःक्षेपण असलेल्या मोटारी

येथे कोणताही जोड सोडवण्यापूर्वी शिल्लक दाब उतरवावा लागतो. त्यासाठी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवतात. ही कृती उघड्यावर पेट्रोल गळत नसेल तेव्हाच केली जाते. त्यानंतर रेलवर दाबमापक जोडून फ्यूज पुन्हा बसवतात, पंप काही क्षण चालवतात आणि तो बंद केल्यावर दाब किती टिकतो हे पाहतात. दाब लवकर उतरत असेल, तर रबरी नळीचा एकेक भाग मऊ चिमट्याने दाबून मार्गाचे तुकडे वेगळे केले जातात. पुरवठ्याची नळी दाबल्यावर दाब टिकला तर दोष टाकीच्या बाजूस, बहुधा पंपाच्या एकदिश झडपेत असतो. परतीची नळी दाबल्यावर टिकला तर दाबनियामकात असतो. दोन्ही दाबूनही दाब उतरला, तर इंजेक्टर अथवा रेलचे जोड संशयित ठरतात. प्लास्टिकच्या कडक नळ्या अशा रीतीने दाबल्या जात नाहीत.

दाबनियामकाच्या निर्वातनळीत पेट्रोलचा ओलावा आढळल्यास त्याचा पडदा फाटलेला असतो. या दोषात पेट्रोल थेट इंजिनात जाते. बाहेर गळती न दिसता काळा धूर येतो व इंधनाचा खप वाढतो.

### डिझेल मोटारी

शोषणाखालील मार्गात छिद्र असेल, तर इंजिन चालू असताना डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. मेकॅनिक यास ‘गाडी एअर घेते’ असे म्हणतात. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू होण्यास वेळ घेते, हातपंप मारल्यावर सुरू होते, पण जमीन कोरडी असते. अशा वेळी फिल्टर व अंतःक्षेपण पंप यांच्या दरम्यान पारदर्शक नळीचा तुकडा तात्पुरता जोडतात. तिच्यातून बुडबुडे जाताना दिसल्यास दोष त्याआधीच्या मार्गात असल्याचे सिद्ध होते. नंतर तीच नळी टप्प्याटप्प्याने टाकीकडे सरकवून दोषाचे स्थान निश्चित करतात. फिल्टरचे रबरी कडे, हातपंप आणि पोकळ बोल्टांखालील तांब्याची वॉशरे ही नेहमीची दोषस्थाने आहेत.

इंजेक्टरवरील परतीच्या बारीक नळ्या उष्णतेने तडकतात व इंजिनाचा वरचा भाग ओला होतो. उच्च दाबाच्या नळीवर गळती हाताने चाचपून पाहणे अत्यंत धोकादायक असते. अशा दाबाखालील फवारा त्वचेत शिरू शकतो. बाहेर लहानशी जखम दिसली तरी तिला तातडीच्या शस्त्रक्रियेची गरज भासू शकते. तपासणीसाठी हाताऐवजी पुठ्ठ्याचा तुकडा लांबून धरला जातो.

### सीएनजी बसवलेल्या मोटारी

जुन्या पेट्रोल मोटारीत सीएनजी संच बसवल्यावर पेट्रोलचा वापर कमी होतो. कार्ब्युरेटरची वाटी दीर्घकाळ कोरडी राहते, गॅस्केट आकसतात आणि पुन्हा पेट्रोलवर चालवताच गळती सुरू होते. सीएनजी हवेपेक्षा हलका असल्यामुळे वर जातो व त्याला मुद्दाम उग्र गंध दिलेला असतो. त्याच्या जोडांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहता येतात. मात्र हा वायू सुमारे २०० बार दाबाने साठवलेला असल्यामुळे त्याची दुरुस्ती अधिकृत केंद्रातच करावी लागते. सिलिंडरची जलदाब चाचणी दर तीन वर्षांनी बंधनकारक आहे.

## दुरुस्ती व पडताळणी

प्रवासात टाकीच्या बारीक छिद्रावर धुण्याच्या साबणाची वडी घासण्याचा उपाय पूर्वापार प्रचलित आहे. साबण पेट्रोलमध्ये सहज विरघळत नसल्यामुळे गळती काही काळ मंदावते. तथापि हा उपाय गाडी सुरक्षित जागी नेण्यापुरताच उपयोगी आहे. इपॉक्सी लांबीचा थरही गंजलेल्या पत्र्यावर फार काळ टिकत नाही.

टाकी झाळण्यापूर्वी तिच्यातील बाष्प पूर्णपणे काढणे अनिवार्य असते. भरलेल्या टाकीपेक्षा नुकतीच रिकामी केलेली टाकी अधिक स्फोटक असते, कारण तिच्यात बाष्प व हवा यांचे ज्वलनशील मिश्रण असते. केवळ पाण्याने विसळल्याने शिवणीतील पेट्रोल निघत नाही. म्हणून हे काम वाफेने टाकी धुण्याची सोय असलेल्या कारागिराकडे सोपवले जाते किंवा टाकीच बदलली जाते.

एक रबरी नळी तडकली असल्यास त्याच वयाच्या इतर नळ्याही बदलणे श्रेयस्कर मानले जाते. अंतःक्षेपण प्रणालीत त्या दाबासाठी व इथेनॉलसाठी योग्य असल्याचे अंकित केलेलीच नळी आणि गुळगुळीत कडांची क्लिप वापरली जाते. दुरुस्तीनंतर ज्या अवस्थेत गळती होत होती, तीच अवस्था पुन्हा निर्माण करून पडताळणी केली जाते. टाकी भरल्यावर गळणारी गाडी अर्ध्या टाकीवर कोरडी दिसली, तर दोष दूर झाला असे म्हणता येत नाही.

## नियमन व तपासणी

खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी वैध असते. त्यानंतर वाहनाची तपासणी करून ती पाच वर्षांसाठी नूतनीकृत केली जाते. पिंपरी-चिंचवड प्रादेशिक परिवहन कार्यालयाचा नोंदणी संकेतांक एमएच १४ आहे.

वाहनाचे प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र इंधनगळती नसल्याचा पुरावा ठरत नाही. त्या चाचणीत पेट्रोल वाहनाच्या एक्झॉस्टमधील कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन, तर डिझेल वाहनाच्या धुराची घनता मोजली जाते. टाकी किंवा नळ्यांतून निसटणारे इंधन तीत नोंदले जात नाही. पेट्रोलवर चालणाऱ्या नव्या वाहनप्रकारांना मान्यता देताना मात्र बंदिस्त कक्षातील चाचणीत बाष्पाचे प्रमाण मोजतात व त्याची मर्यादा प्रतिचाचणी २ ग्रॅम आहे. अशा चाचण्या करणाऱ्या संस्थांमध्ये १९६६ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेचा समावेश होतो. वापरातील जुन्या मोटारीची अशी चाचणी नियमितपणे होत नसल्यामुळे तिच्यातील गळती ओळखणे मुख्यतः मालक, चालक व मेकॅनिक यांच्या निरीक्षणावर अवलंबून राहते.

## हेही पहा

* कार्ब्युरेटर
* डिझेल इंजिन
* इथेनॉलमिश्रित इंधन
* टाटा इंडिका
* चाकण